आबांनी लावलेली पानं

गावी गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, "इमान चालवताना भ्या वाटत न्हाई व्हय रं?" मी हसून वेळ मारून नेतो. विमानाची भीती मला फारशी कधी वाटली नाही. मला धास्ती असायची ती दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या एका फुगीर पाकिटाची.

ढगात शिरलं की विमानाच्या खिडकीतून काही दिसत नाही. धावपट्टी कुठल्या दिशेला आहे, किती उंचीवरून उतरायला लागायचं, किती फुटांपर्यंत खाली यायचं आणि तिथंही जमीन दिसली नाही तर कुठं वळून पुन्हा वर जायचं, हे सगळं वीतभर पानावर छापलेलं असतं. प्रत्येक विमानतळाची अशी कितीतरी पानं. त्यांची मिळून दोन जाडजूड पुस्तकं व्हायची. आत लोखंडी कड्या, उघडून पान काढता-घालता येईल अशा. आता ते सगळं टॅबलेटमध्ये आलंय, बोट लावलं की काम झालं. माझ्या उमेदीच्या वर्षांत मात्र हे हातानं करायला लागायचं. कुठं मोबाइलचा मनोरा उभा राहायचा, कुठं धावपट्टी वाढायची, कुठं रेडिओचा नंबर बदलायचा. बदललेली पानं पाकिटातून यायची आणि सोबत एक यादी, हे काढा, हे घाला. कागद पंचांगाच्या कागदाहून पातळ. एक कडी निसटली की दहा पानं घरभर. पुस्तकाच्या शेवटी नोंदीचं एक पान असायचं. पाकिटाचा नंबर, पानं लावल्याची तारीख, सही. ज्याचं पुस्तक त्यानंच पानं लावायची आणि त्यानंच सही करायची, असा नियम होता.

मी कामाचा कंटाळा करणारा माणूस नाही, असं मी स्वतःबद्दल बरीच वर्षं समजत होतो. विट्याकडच्या मामांचं दक्षिणेत सोन्याच्या गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान होतं, त्यांच्या आधारावर मी विमान शिकलो, आणि पुण्यातल्या एका लहानशा भाड्यानं विमानं देणाऱ्या कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलो. उडायला मी केव्हाही तयार असायचो. पहाटे चारला फोन आला तरी. पण ते पाकीट आलं की मला डुलकी यायची. बघता बघता चार पाकिटं साचली. मी ती बॅगेत कोंबली आणि सुट्टीला कोरेगावजवळच्या आमच्या गावी घेऊन गेलो.

सोप्यात सतरंजी टाकून बसलो होतो. वारा आला आणि व्हायचं तेच झालं. पानं उडाली. मी शिव्या घालत त्यांच्यामागं रांगत होतो. पलीकडं कॉटवर पेपर वाचत बसलेले वडील उठले आणि दाराकडं निघालेलं एक पान त्यांनी पायानं दाबून धरलं. मग खाली वाकून ते उचललं, पाय लागला म्हणून त्याला हात लावून नमस्कार केला आणि चष्मा वर करून वाचायला लागले.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सुभेदार म्हटलं की गावातल्या पोरांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात, पण आबांकडं त्या नव्हत्या. सगळी नोकरी त्यांनी कारकुनीत काढलेली. त्यांच्या गोष्टी असायच्या दुरुस्त्यांच्या. फौजेच्या नियमांची पुस्तकं असतात, त्यांत वरून सारख्या दुरुस्त्या येतात. जुनी ओळ खोडायची, पण अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. नवी चिठ्ठी कापून गोंदानं चिकटवायची. बाजूला नंबर, तारीख, सही. एकदा म्हणे एका साहेबानं जुना नियम धरून काही जवानांची रजा कापली होती. आबांनी चिकटवलेली चिठ्ठी समोर धरल्यावर साहेबाला हुकूम मागं घ्यावा लागला. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय. तो त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला होता की सुरुवात झाली की आई उठून भाकरी थापायला जायची.

"हे आमच्यासारकंच हाय की," आबा म्हणाले. "यादी दे हिकडं."

मी दिली. खरं सांगायचं तर ढकलली.

त्या दुपारी त्यांनी माळ्यावरून फौजेतलं घडीचं टेबल काढलं. वाटीत ओला स्पंज, बोट भिजवायला. लाल शाईचं पेन, लाकडी पट्टी, पानं उडू नयेत म्हणून चार गुळगुळीत गोटे. आणि आईला समोर बसवलं. आई मराठी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण एस्टीच्या आणि मोबाइलच्या नंबरांमुळं आकडे मात्र पक्के येत होते. आबा यादीतला नंबर म्हणायचे, आई हातातल्या पानाचा कोपरा वाचायची, "अकरा, आडवी रेघ, दोन," आणि दोन्ही जुळले तरच कडी उघडायची. फौजेत दोन माणसांशिवाय ताळा होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काढलेल्या प्रत्येक जुन्या पानावर ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी लाल रेघ मारायचे. रद्द झालेला कागद रद्द दिसला पाहिजे. मग त्या पानांचा गठ्ठा सुतळीनं बांधून काळ्या ट्रंकेत जायचा. हे सगळं ते एका शंभर पानी वहीत लिहून ठेवायचे. वहीची सुरुवात त्यांनी 'श्री' लिहून केली होती.

चार पाकिटं दोन दिवसांत लागली. मी त्या दोन दिवसांत काय केलं ते सांगायला लाज वाटते. झोपलो, वांग्याचं भरीत खाल्लं, मित्राच्या मोटरसायकलवरून साताऱ्याला जाऊन सिनेमा बघितला.

पुढं ही रीतच पडली. पंधरा दिवसांनी मी बॅग घेऊन गावी यायचो, शनिवारी आबा आणि आई पानं लावायचे आणि रविवारी मी सही ठोकून पुण्याला परत. बॅग कधी उघडतोय याची आबा वाटच बघत असायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला विरंगुळा मिळाला. आपल्या आळसाला आपण किती छान छान नावं देतो! गावातले निवृत्त फौजी आणि फौजींच्या विधवा आबांकडं कागदपत्रं घेऊन येत. पेन्शनचे अर्ज, हयातीचे दाखले, तक्रारीची पत्रं. आबा चहा पाजून सगळं फुकट लिहून द्यायचे. माझी पानं आल्यापासून मात्र शनिवारी ते कुणालाच घ्यायचे नाहीत. "आज पोराचं इमानाचं काम हाय," म्हणून सांगायचे, आणि माणसं आदरानं परत जायची.

एकदाच ते मला म्हणाले होते, "मी लावतो आन सही तुजी. हे काय बरं न्हवं गड्या. निदान एकडाव नजर तरी टाकत जा."

"आवं आबा, तुमच्या कामात कुठं चूक निघायची?" मी म्हणालो होतो.

त्यांना ते कौतुक वाटलं. चेहरा खुलला होता. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त साडेचारची गाडी होती.

आता त्या पानाबद्दल. उतरायच्या वेळी लागणारं पान कड्यांमधून काढून समोरच्या चिमट्यात अडकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर लावायचं, अशी पद्धत. मी ते पुष्कळदा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सारायचो आणि विसरून जायचो. किनाऱ्याकडच्या एका विमानतळाचं पान असंच कप्प्यात राहिलं. पुढच्याच शनिवारी पाकिटात त्याचं नवं पान आलं. आबांनी नवं लावलं, पण काढायला जुनं सापडेना. रविवारी मी निघताना त्यांनी मला फाटकापाशी गाठलं.

"एक जुनं पान गावंना झालंय. तुज्या बॅगंत बग जरा."

"व्हय, बघतो," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो.

बघितलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी एका उड्डाणाआधी बॅगेत पेन शोधताना ते हाताला लागलं. प्रवासी येऊन बसले होते. पान निसटलंय असं समजून मी पुस्तक उघडलं, जागा शोधली, कड्या उघडल्या आणि ते घातलं. नेमकं नव्या पानाच्या पुढं. खाली त्याच नंबरचं दुसरं पान आहे, हे मी बघितलंसुद्धा नाही. कडी बंद केल्याचा आवाज आला आणि काम झाल्यासारखं वाटलं.

मग एका पावसाळी दुपारी आम्ही त्याच विमानतळावर उतरत होतो. विमान माझे वरिष्ठ कॅप्टन चालवत होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, मराठी गृहस्थ. खाली नुसता कापूस. मी पान वाचून दाखवलं आणि किती फुटांपर्यंत खाली यायचं तो आकडा सांगितला. त्यांनी त्यांच्या पानाकडं बघितलं आणि त्यांचा आकडा सांगितला. दीडशे फुटांचा फरक होता. डोंगराच्या अंगाला नवा मनोरा झाला होता, म्हणून उंची वाढवली होती. त्यांनी एक शब्द न बोलता विमान सरळ वर घेतलं. बाहेर एक फेरी मारली, त्यांच्या पानाप्रमाणं पुन्हा उतरलो, सगळं नीट झालं. मागं बसलेल्या लोकांना वाटलं, ढगांमुळं उशीर झाला.

मी वर चढताना समोरच्या चिमट्यातल्या पानाकडं बघत होतो. त्याच्यावर लाल रेघ नव्हती. आबांच्या हातून निघालेलं जुनं पान लाल रेघेशिवाय राहूच शकत नव्हतं. म्हणजे हे त्यांच्या हाताखालून गेलेलंच नाही, हे माझ्या बॅगेतून आलंय, हे मला त्याच मिनिटाला, जमिनीवर यायच्या आधीच, स्वच्छ कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी जे केलं ते गैरसमजातून केलं, असं कुणाला वाटू नये.

प्रवासी उतरून गेल्यावर कॅप्टननी माझं पुस्तक मागितलं. दोन्ही पानं बघितली. नोंदीच्या पानावरची माझी सही बघितली.

"हे काय?"

मला कॅप्टन करायचं की नाही याची शिफारस त्याच महिन्यात त्यांनी करायची होती. ती त्यांच्या टेबलावर पडून आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पानं माझे वडील लावतात. फौजेत क्लार्क होते. वय झालंय आता त्यांचं."

त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, फाडून खातील. पण त्यांचा स्वर एकदम मऊ झाला. त्यांचेही वडील असतील कुठंतरी. "सही तुझी आहे," एवढंच म्हणाले, "इथून पुढं तूच लावायची. आणि वडिलांना यातलं काही बोलू नकोस. उगीच मनाला लावून घेतील."

मी मान डोलावली. ते पान फाडून विमानतळावरच्या कचराकुंडीत टाकलं. त्याच महिन्यात माझी शिफारस झाली.

आता पाकीट घरी न्यायचं नाही, हे आबांना सांगणं काही अवघड नव्हतं. कंपनीचा नियम आहे म्हटलं की झालं; ते खरंही होतं आणि नियमापुढं आबांनी कधीच तोंड उघडलं नसतं. मी तसंच म्हणालो. ते टेबल मांडून बसले होते, स्पंज भिजवलेला होता. त्यांनी विचारलं, "नियम तर आदीपास्नं हाय. आत्ताच का काढला? काय चुकलं का माज्याकडनं?"

इथं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मला वाटलं, अगदीच नाही म्हटलं तर ते खोदून विचारतील, आणि खोदता खोदता माझ्यापाशी येतील. मी म्हणालो, "एक जुनं पान राहिलं होतं पुस्तकात."

आबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माज्याकडनं?"

मी बॅगेची चेन लावायला लागलो.

"इमानाला काय झालं न्हाई न्हवं?"

"न्हाई, न्हाई. काय झालं न्हाई."

"कुटलं पान?" त्यांनी वही पुढं ओढली. नंबर सांगितला असता तर एका मिनिटात त्यांना नोंद सापडली असती. जुनं पान सापडलं नाही, पोराला सांगितलंय, असं त्यात लिहिलेलं असणार, याची मला खात्री होती. त्यांनी स्पंजाला बोट लावलं आणि माझ्याकडं बघत थांबले.

"आता लक्षात न्हाई," मी म्हणालो.

तीन शब्दांचं ते खोटं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकट खोटं आहे.

आईनं तेवढ्यात मध्ये तोंड घातलं. "माजंच चुकलं आसंल. मला कुटं विंग्रजी येतंय? हेंनी आपलं मला बसवलं." आबा तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी यादीची घडी केली, वही मिटली, गोटे एकेक करून खिशात टाकले आणि टेबल उचलून माळ्यावर ठेवायला गेले. मी मदतीला उठलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

महिन्याभरानं त्यांनी स्वतःच फर्मान काढलं, मिरजेला डोळे दाखवायचे. आम्ही तिघं कोरेगावहून रेल्वेनं गेलो. मिरजेच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. भिंतीवरची अक्षरं आबांनी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचली. अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. हातात धरायच्या पुठ्ठ्यावरचा बारीक मजकूरही वाचला. बाईंनी औषध घालून आतून तपासलं आणि हसून म्हणाल्या, "बाबा, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे तुमची. एका डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. काही करायची गरज नाही."

आबा खुर्चीवरून उठेनात. "पुन्यांदा बगा बाई. माज्या हातनं एक पान चुकलंय. इमानाचं पान व्हतं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांकडं बघितलं.

"डोळ्यांमुळं चुकायचं काही कारण नाही, बाबा," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले होते. आईनं आणलेल्या दशम्या त्यांनी खाल्ल्या नाहीत. ताकारी गेल्यावर ते एकदम म्हणाले, "डोळं ठीक हायती. म्हंजे मग डोकंच चाललंय." ते माझ्याशी बोलले नव्हते, कुणाशीच नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटी तसंच झालं होतं. घराची वाट विसरायचे, जेवलेलं विसरायचे. आपलंही आता तेच होणार, असं आबांनी त्या गाडीत ठरवून टाकलं. समोरच्या बाकावर मी बसलो होतो. कोरेगाव यायला दीड-दोन तास होते. तेवढ्या वेळात मी एकदा चहा घेतला आणि मोबाइलवर हवामान बघितलं.

मी कॅप्टन झालो तेव्हा आबांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि घरोघर जाऊन वाटले. पण त्याच सुट्टीत एक दिवस मी आत चहा पीत असताना बाहेर शेजारच्या आळीतल्या एक आजी आल्या. त्यांचे मालक आबांच्याच पलटणीतले, कधीच गेलेले. त्यांना हयातीच्या दाखल्याचा कागद भरून हवा होता. वर्षानुवर्षं आबाच भरून द्यायचे.

"न्हाई जमायचं वहिनी," आबांचा आवाज आला. "माजं डोकं आता भरवशाचं न्हाई. चूक व्हती माज्या हातनं. तुमचं कायतरी इस्कटून बसंल."

"आवं सुभेदार, तुमी न्हाई तर कोन करनार? मी कुटं जाऊ साताऱ्याला?"

"कुनाकडनं बी करून घ्या. माज्याकडनं नगं."

आजी बराच वेळ उंबऱ्यापाशी उभ्या होत्या, मग गेल्या. माझा चहा निवला. मी बाहेर जाऊन तो कागद भरून देऊ शकलो असतो, पाच मिनिटांचं काम. पण मग आबा शेजारी बसून बघत राहिले असते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मी मागच्या दारानं मळ्याकडं निघून गेलो.

त्यानंतर कागद घेऊन येणाऱ्यांची वर्दळ थांबली. आबा पेपर वाचायचे, पण वाचलेलं बोलून दाखवायचे नाहीत, उगीच चुकीचं बोललं जाईल म्हणून. दुकानात आई जायची. कुणी काही विचारलं की, "हिला इचारा," म्हणायचे. डोक्याला त्यांच्या काहीही झालं नव्हतं. ते नुसते जपून राहत होते. लोक म्हणायचे, सुभेदार म्हातारपणी लय शांत झाले. कंपनीनं पुढं टॅबलेट दिले, ती जाडजूड पुस्तकं रद्दीत गेली. मला वाटलं, चला, पुरावाच संपला. सांगायचं राहूनच जातंय, असं मी वर्षातून एकदोनदा स्वतःला ऐकवायचो. जसं काही सांगायला मला कुणी वेळच देत नव्हतं!

यंदा यात्रेच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून सामान बाहेर काढलं. आबांचे डोळे आता खरोखरच गेले आहेत. मागचा पडदा खराब झालाय, कडेकडेचं अंधुक दिसतं, मधलं काहीच दिसत नाही. माणूस आवाजावरून ओळखतात. काळी ट्रंक आईनं अंगणात उघडली आणि आतले सुतळीनं बांधलेले गठ्ठे बाहेर काढले. लाल रेघा अजून तशाच होत्या. खाली ती शंभर पानी वही.

"हे काय हाय बग," आई म्हणाली. "ठेवायचं का जाळायचं?"

"कसली वही?" कॉटवरून आबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा जरा हलला. "वाच की. मोठ्यानं वाच. कसं लिवलंय बगू तरी."

मी वाचायला लागलो. तारीख, पाकिटाचा नंबर, काढलेली पानं, घातलेली पानं. अक्षर मोत्यासारखं. आबा मान हलवत ऐकत होते, मध्येच एखाद्या विमानतळाचं नाव माझ्याआधी सांगत होते. इतक्या वर्षांनी! पानं उलटत मी त्या शनिवारपाशी आलो. सगळ्या नोंदींच्या खाली दोन ओळी होत्या. ते पान मी उलटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आबांना दिसत नव्हतं आणि आईनं चष्मा लावलेला नव्हता.

"का थांबलास?" आबा म्हणाले.

मी वाचलं. "वरील जुने पान मिळाले नाही. चिरंजीवास विचारणे." आणि खालची ओळ. "विचारले. बघतो म्हणाला."

"मंग? गावलं का ते?"

"गावलं, आबा. माझ्या बॅगेत होतं." आणि मग मी थांबलोच नाही. कप्पा, कड्या, दीडशे फूट, कॅप्टनना काय सांगितलं, कचराकुंडी, सगळं. आवाज लहान पोरासारखा येत होता, पण येत होता. शेवटी म्हणालो, "तुमी कुठलं पान म्हणून विचारलं, तवा मला म्हाईत व्हतं. तुमी वही उघडली व्हती म्हणून मी सांगितलं न्हाई."

रंगारी मागच्या खोलीत भिंत घासत होते. मला वाटलं, आबा रागावतील. रागवावेत असं फार वाटत होतं.

आई गठ्ठा हातात घेऊन तशीच उभी होती. "म्हंजे मी वाचलेलं आकडं..."

"बरोबर होते आई. सगळे."

तिनं गठ्ठा हळूच ट्रंकेत परत ठेवला.

आबांनी हात पुढं केला. मी वही दिली. त्यांनी ती उघड्या पानावर अलगद चाचपली, जणू अक्षरं बोटाला लागणार होती.

"म्हंजे तवा मला नीट दिसत व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"आन डोकं बी शाबूत व्हतं."

"व्हय, आबा."

त्यांनी वही मिटली. आवाज ज्या बाजूनं आला तिकडं, माझ्याकडं, तोंड वळवलं.

"मंग मी इतकी वर्सं हात बांधून का बसलो रं?"